बँकॉकमध्ये एका दिवसात तीन 'वाट': पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

थाई भाषेत 'वाट' म्हणजे रस्ता नव्हे, देऊळ. म्हणजे मूर्तीची इमारत, भिक्खूंच्या राहायच्या जागा आणि भोवतीचं आवार हे सगळं मिळून. संस्कृत-पालीत 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. आपला 'वाडा' त्याच कुळातला. मागच्या डिसेंबरात मी आईला आणि अकरा वर्षांच्या भाच्याला घेऊन नाशिकहून बँकॉकला गेले, तेव्हा देवळांसाठी आमच्याकडे एकच मोकळा दिवस होता. त्या दिवसाचा पहिला दीड तास आम्ही फुकट घालवला. तुमचा जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एक आग्रह. दिवसभरात तीनच देवळं बघा: राजवाड्याच्या आवारातलं वाट फ्रा केओ, त्याच्या दक्षिणेला वाट फो आणि नदीपलीकडे वाट अरुण. सहलीवाले 'अर्ध्या दिवसात सहा देवळं' अशी पत्रकं हातात ठेवतात. त्यातून हाती लागतात ते फक्त दारातले फोटो. ही तीन देवळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत आणि तिघांची मिळून एकच गोष्ट आहे. ती नीट बघायची तर पूर्ण दिवस लागतो.

१. निघण्याआधी: कागदपत्रं, पैसे, पिशवी

थायलंडमध्ये उतरण्याआधीच्या ३ दिवसांत 'डिजिटल अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरावं लागतं. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे आणि ते पूर्णपणे मोफत आहे. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या काही वेबसाइट त्याचे पैसे मागतात, तिथे कार्डाचा नंबर टाकू नका. व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशीच थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

देवळांच्या दिवशी जवळ ठेवायच्या गोष्टी:

- पासपोर्ट किंवा निदान त्याचा फोटो
- रोख बाथ, त्यातही २० आणि १००च्या नोटा. एटीएममधून भारतीय कार्डाने पैसे काढले की रक्कम कितीही असो, प्रत्येक वेळी साधारण २२० बाथ कापले जातात. दिवसाचे पैसे एकदाच काढा.
- पाण्याची बाटली, टोपी, छत्री (मे ते ऑक्टोबर पावसासाठी, एरवी उन्हासाठी)
- सहज काढता-घालता येणाऱ्या चपला. दिवसात आठ-दहा वेळा काढाव्या लागतात, तेव्हा नाडीचे बूट नकोत.
- पायमोजे. दुपारी फरशी अशी तापते की अनवाणी चार पावलं टाकणं कठीण होतं. आईचे मोजे त्या दिवशी सगळ्यात उपयोगी पडले.

आम्ही गेलो तेव्हा परदेशी माणसाला राजवाड्याचं तिकीट ५०० बाथ, वाट फोचं ३०० आणि वाट अरुणचं २०० होतं. म्हणजे माणशी १००० बाथ बाजूला ठेवा. राजवाड्यात १२० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट नाही. आमचा भाचा त्याहून उंच निघाला.

२. कपडे

राजवाड्याच्या फाटकावर कपडे खरोखर तपासतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एवढं सगळे सांगतात. पण तेवढ्याने भागत नाही. बिनबाह्यांच्या कपड्यावर ओढणी घेतली तर ती अनेकदा चालत नाही, बाह्या असलेलाच कपडा लागतो. अंगाला चिकटलेल्या लेगिंग्ज, फाटक्या जीन्स आणि पुरुषांच्या अर्ध्या चड्ड्याही परत पाठवतात. साडी, सलवार-कुर्ता, साधी पँट आणि शर्ट यांना कोणी हटकत नाही. सुती आणि सैल घाला, कारण डिसेंबरातही दुपारी घाम फुटतो. एप्रिलमध्ये तर ज्येष्ठांना घेऊन जाऊच नका. तिथला तो सगळ्यात कडक महिना.

कोणी चुकून बर्म्युडा घालून आलंच, तर समोरच्या फुटपाथवर हत्तीच्या छापाच्या सैल विजारी विकत मिळतात.

३. सव्वाआठला फाटकाशी कसं पोचायचं

राजवाडा साडेआठला उघडतो आणि तिकीटखिडकी साडेतीनला बंद होते. तिन्हीमध्ये सगळ्यात आधी बंद होणारी आणि सगळ्यात जास्त गर्दीची जागा हीच. म्हणून सुरुवात इथूनच करा.

जायचे दोन मार्ग सोपे आहेत. पहिला नदीचा: स्कायट्रेनने साफान ताकसिन स्टेशनला उतरा. खालीच साथोनचा धक्का आहे. तिथून नारिंगी झेंड्याची बोट पकडा आणि था चांग धक्क्यावर उतरा. तिकीट साधारण १६ बाथ, बोटीतच काढायचं. धक्क्यावर पर्यटकांच्या निळ्या झेंड्याच्या बोटीची तिकिटं विकणारे पुढे पुढे करतात. तीही बोट चांगली आहे, फक्त महाग आहे. तुम्हाला नारिंगी हवी असेल तर शांतपणे "ऑरेंज" म्हणा आणि थांबा.

दुसरा मार्ग मेट्रोचा: निळ्या लाइनवर सनाम चाय स्टेशन. हे स्टेशन वाट फोला लागून आहे, पण राजवाड्याचं पर्यटकांचं फाटक आवाराच्या उत्तर बाजूला आहे. नकाशात राजवाडा अगदी जवळ दिसतो, पण तटबंदीचा घेर जवळजवळ १९०० मीटर आहे. स्टेशनपासून फाटकापर्यंत वीस मिनिटांची चाल धरा. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर बोटच बरी. था चांगपासून फाटक पाच-सात मिनिटांवर आहे.

४. "आज बंद आहे" म्हणणाऱ्याचं ऐकू नका

आमचा दीड तास इथे गेला. कोपऱ्यावर स्वच्छ पांढरा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक माणूस नम्रपणे म्हणाला, "आज सकाळी भिक्खूंची पूजा आहे, पर्यटकांना दुपारी एकनंतर प्रवेश." त्याने नकाशा काढला, त्यावर पेनाने तीन देवळांभोवती गोल केले आणि एक टुकटुक हाक मारून थांबवली. तिघांचे मिळून ४० बाथ. त्यातलं पहिलं देऊळ खरं होतं. तिथून निघाल्यावर मात्र गाडी थेट रत्नांच्या दुकानापाशी उभी राहिली. आत दार लावून घेतात, थंड पाणी देतात आणि "आजच शेवटचा दिवस, निर्यातीची सूट" असं सुरू होतं. आई उठली, "आम्हाला काही घ्यायचं नाही" असं मराठीतच ठामपणे म्हणाली आणि बाहेर आली. आम्ही दुसरी गाडी करून राजवाड्यापाशी आलो, तर फाटक सताड उघडं.

हा बँकॉकमधला जुना आणि ठरलेला डाव आहे. राजघराण्याच्या समारंभासाठी राजवाडा काही दिवशी खरंच बंद असतो, पण ते आदल्या रात्री अधिकृत संकेतस्थळावर बघून ठेवता येतं. रस्त्यावर कोणीही, कितीही सभ्यपणे सांगितलं तरी फाटकापर्यंत चालत जा आणि आपल्या डोळ्यांनी बघा. टुकटुकचं भाडं फारच कमी सांगितलं, तर त्याचे पैसे कुठल्या तरी दुकानाच्या कमिशनमधून निघणार आहेत असं समजा. अंतर असेल तेव्हा ॲपवरून गाडी मागवा.

५. आत जाण्याआधी सात शब्द

हे शब्द मला आधी माहीत असते तर किती बरं झालं असतं, असं वाटलं. पाट्यांवर तेच तेच शब्द येतात आणि ते आपलेच आहेत, फक्त उच्चार वेगळा.

'उबोसोत' किंवा नुसतं 'बोत' म्हणजे उपोसथ: जिथे भिक्खूंना दीक्षा देतात ती मुख्य इमारत. 'विहान' म्हणजे विहार. आपल्या लेण्यांमध्ये विहार म्हणजे भिक्खूंची राहायची जागा, तिथे मात्र बुद्धमूर्तीचं सभागृह. 'चेदी' म्हणजे चैत्य. आपण स्तूप असलेल्या अख्ख्या लेण्याला चैत्यगृह म्हणतो, ते स्तूपालाच चेदी म्हणतात. 'मोन्दोप' मंडप, 'साला' शाला, 'यक' यक्ष. 'प्रांग' म्हणजे कणसासारखं उंच शिखर, ते ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या वळणाचं. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढलेल्या आईला चेदी समजावून सांगावी लागली नाही. सोनेरी घंटेसारखा स्तूप बघून ती म्हणाली, "हा आपल्या लेण्यातलाच, वरून टोक काढलेला."

६. वाट फ्रा केओ: इथे अडीच तास द्या

१७८२मध्ये पहिल्या रामाने, म्हणजे सध्याच्या चक्री घराण्याच्या संस्थापकाने, नदीच्या या काठावर राजधानी वसवली आणि राजवाडा व हे देऊळ बांधायला घेतलं. या घराण्यातल्या राजांना क्रमाने 'राम' म्हणतात, त्यामुळे पाट्यांवर 'राम तिसरा', 'राम चौथा' असं दिसलं तर गोंधळू नका.

आत शिरल्यावर बहुतेक लोक सोनेरी चेदीकडे धावतात. तुम्ही तसं करू नका. देवळाभोवतीच्या ओवरीत जा. तिथे भिंतीवर १७८ चित्रांमध्ये अख्खं रामकियन, म्हणजे थाई रामायण रंगवलेलं आहे. सुरुवात उत्तर बाजूच्या दारापाशी होते. शेत नांगरताना जनकाला सीता सापडते, तिथून. आणि क्रम प्रदक्षिणेचा. तिथून सुरू केलंत तर कथा सरळ वाचता येते. मधूनच घुसलात तर नुसते सोनेरी मुकुट आणि माकडं दिसतात.

राम 'फ्रा राम', लक्ष्मण 'फ्रा लक', सीता 'नांग सीदा'. रावण 'थोत्सकान', म्हणजे दशकंठ, त्याचं अंग हिरवं. बिभीषण 'फिफेक'. हनुमान पांढराशुभ्र, आणि ब्रह्मचारी मुळीच नाही. सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या मत्स्यकन्येशी, म्हणजे सुवर्णमत्स्येशी त्याचं जमतं आणि ती थोत्सकानची मुलगी असते. भाच्याला हे ऐकून धक्काच बसला. आईने तिचा प्रश्न विचारला: "आपली शूर्पणखा?" आहे, तिचं नाव 'सम्मनखा'. जिच्या नाकावरून आमच्या गावाचं नाव पडलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, तिचं नाव बँकॉकमध्ये घेताना आईला फार गंमत वाटली.

एका चित्रापाशी नक्की थांबा. हनुमानाने आपलं शरीर डोंगराएवढं केलं आहे आणि रामाचा मांडव चक्क तोंडात धरला आहे. मयराप नावाचा राक्षस रात्री रामाला पळवून पाताळात नेणार, म्हणून ही राखण. आपल्याकडच्या अहिरावण-महिरावणाचीच ही कथा. जवळ जाऊन बघा: सोनेरी रेघा केसासारख्या बारीक आहेत, आणि कोपऱ्यात मुख्य कथेशी संबंध नसलेली साधी माणसं आपापल्या कामात दंग आहेत.

ओवरीनंतर वरच्या चौथऱ्यावर जा. तिथे चेदी, मोन्दोप आणि किन्नरींच्या सोनेरी मूर्ती आहेत. मोन्दोपाच्या मागे अंगकोर वाटची छोटी दगडी प्रतिकृती आहे, ती चौथ्या रामाने करवून घेतली. फाटकांशी यक्षांच्या ६ जोड्या उभ्या आहेत, भरजरी पोशाखात, गदा टेकवून.

शेवटी उबोसोत. चपला बाहेर, टोपी काढायची, आत फोटो बंद. उंच सोनेरी सिंहासनावर बसलेली हिरवी बुद्धमूर्ती फक्त ६६ सेंटीमीटरची आहे. नाव पाचूचा बुद्ध, पण दगड पाचू नाही, त्याला सहसा हिरवा जेड म्हणतात. आधी चियांग राय, मग लांपांग, चियांग माय, लुआंग प्रबांग, व्हिएन्तियान असा प्रवास करून ती इथे आली. शहराच्या लांबलचक अधिकृत नावातल्या 'रत्तनकोसिन'मधलं रत्न तेच. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंची तीन वस्त्रं असतात आणि ती राजा स्वतः बदलतो. पंढरपुरात उन्हाळ्यात विठोबाला चंदनउटी लावतात, ते बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

बसताना पाय मूर्तीकडे करू नका. दोन्ही पाय मागे वळवून बसतात. आजूबाजूच्या बायका कशा बसल्या आहेत ते बघा आणि तसंच बसा. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नसतो. गर्दीत वाट द्यायची झाली तर दोन पावलं मागे सरा. आणि राजाबद्दल वेडंवाकडं कुठेच बोलू नका. तो तिथे गंभीर गुन्हा आहे.

७. जेवण

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर भाजी येते, पण तिच्यात माशाचं पाणी, म्हणजे 'नाम प्ला' असतं. 'जे' हा शब्द वापरा. 'किन जे' म्हणजे मी 'जे' खातो. त्यात मांस, मासे, अंडं, दूध काहीच नसतं, कांदा-लसूणही नसतो. बटाटा, मुळा अशी कंदमुळं मात्र असू शकतात, तेव्हा जैन मंडळींनी विचारून घ्यावं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात हा शब्द लिहिलेला दिसतो. तो फोटो मोबाइलमध्ये ठेवा. इतरत्र 'माय साय नाम प्ला' (माशाचं पाणी घालू नका) आणि 'माय साय खाय' (अंडं घालू नका) म्हणा.

पोळी-भाजीच हवी असेल तर पाहुरात गाठा. हा तिथला भारतीय बाजार. सनाम चायहून मेट्रोने एकच स्टेशन, साम योत, आणि मग थोडं चालणं. आम्ही तिथे गरम पराठे आणि चहा घेतला आणि आईचा चेहरा खुलला.

८. वाट फो: सावली आणि नाण्यांचा आवाज

दुपारची वेळ इथे घालवा, कारण झाडं आहेत, ओवऱ्या आहेत आणि बसायला जागा आहे. तिकिटावर पाण्याची एक बाटली मिळते, ती मागून घ्या.

निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. इमारत मूर्तीला इतकी घट्ट बसते की तो एका नजरेत मावतच नाही, खांबांच्या फटींतून तुकड्यातुकड्याने बघावा लागतो. चेहऱ्यापाशी सगळे गर्दी करतात. तुम्ही पायांपाशी थांबा. तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावाने १०८ शुभचिन्हं कोरली आहेत आणि बाजूने पाहिलं की ती काळ्या पृष्ठभागावर मोरपिसासारखी चमकतात.

मागच्या बाजूला भिंतीशी १०८ कांस्यपात्रांची रांग आहे. २० बाथ दिले की सुट्ट्या नाण्यांची वाटी मिळते. एकेका पात्रात एकेक नाणं टाकत जायचं. भाच्याने मन लावून टाकली, शेवटच्या पात्रांसाठी नाणी कमी पडली, तर मागून येणाऱ्या एका थाई आजींनी आपल्या वाटीतली त्याच्या हातावर ठेवली. तो टण् टण् आवाज पूर्ण सभागृहात चालू असतो.

बहुतेक लोक इथून परत फिरतात. तुम्ही पुढे जा. छोट्या टेकडीवजा बागेत ऋषींचे पुतळे आहेत: कोणी पाय ताणतो आहे, कोणी मान वळवतो आहे. 'रुसी दात तोन' म्हणतात याला, ऋषींनी स्वतःचं अंग मोकळं करण्याची आसनं. हे देऊळ थाई मालिशचं जुनं विद्यापीठ. भिंतींवरच्या संगमरवरी फलकांवर शरीरातल्या नाड्यांचे नकाशे कोरलेले आहेत आणि इथले शिलालेख युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत आहेत. आवारातच मालिश करून मिळतं. आईने अर्ध्या तासाचं पायाचं करून घेतलं आणि त्याच्या जोरावर पुढची संध्याकाळ चालली. रांग असते, म्हणून आधी नाव नोंदवा आणि मग ऋषी बघा.

९. नदी ओलांडून वाट अरुण

वाट फोच्या मागेच था तिएन धक्का आहे. तिथून पलीकडे जाणारी होडी ५ बाथ घेते आणि पाच मिनिटांत पोचते. कोणी खास बोटीचे शेकडो बाथ सांगू लागलं तर पुढे चला, होडीची खिडकी वेगळी आहे. साडेचारपर्यंत पलीकडे असा, कारण देऊळ सहाला बंद होतं.

अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी. या काठावरच्या थोनबुरीत १७६७ ते १७८२ पर्यंत ताकसिन राजाची राजधानी होती. पाचूचा बुद्धही आधी याच देवळात ठेवला होता. मधला प्रांग म्हणजे मेरू पर्वत. दुरून तो दगडी वाटतो. जवळ गेलात की कळतं, सगळा चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेला आहे. एक फूल निरखून बघा: मध्ये निळ्या नक्षीच्या बशीचा गोल, भोवती फुटक्या कपांच्या पाकळ्या, आणि एका पाकळीवर कपाची जुनी कड अजून तशीच. वरच्या कोनाड्यांत ऐरावतावर बसलेला इंद्र आहे. तिथे ऐरावताला 'एरावान' म्हणतात आणि त्याला तीन डोकी दाखवतात.

प्रांगाच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. चढताना काही वाटत नाही, उतरताना कठडा सोडवत नाही. गुडघेदुखी असलेल्यांनी खालच्या चौथऱ्यावरूनच प्रदक्षिणा घालावी, नक्षी तिथूनच जास्त जवळून दिसते. उबोसोतच्या दाराशी दोन उंच यक्ष आहेत. त्यातला हिरवा आपला सकाळचा थोत्सकान. भाच्याने त्याला लांबूनच ओळखलं.

१०. सूर्यास्त आणि परतीची वाट

वाट अरुण पश्चिम काठावर आहे, म्हणून त्याच्यामागे सूर्य बुडताना बघायचा तर परत था तिएनच्या बाजूला यावं लागतं. गच्चीवरच्या उपाहारगृहांत संध्याकाळी जागा मिळत नाही. आधी नोंदवली नसेल तर धक्क्याजवळ काठावर उभं राहा, दृश्य तेच आहे. अंधार पडला की प्रांगावर दिवे लागतात, तेवढी वीस मिनिटं थांबा.

नारिंगी बोटी संध्याकाळी लवकर थांबतात, म्हणून परतीसाठी त्यांच्या भरवशावर राहू नका. सनाम चाय स्टेशन दहा मिनिटांवर आहे आणि मेट्रो रात्री उशिरापर्यंत चालते. स्टेशनात उतरताना छताकडे बघा: राजदरबारासारखे नक्षीदार खांब आहेत. आम्ही तिथल्या बाकावर बसून आईचे मोजे बदलले आणि मगच गाडीत चढलो.